जखमींचा क्रम आणि नाडीचे गणित

२०२० सालच्या मे महिन्यात, टाळेबंदीच्या दिवसांत, परप्रांतीय मजुरांना घेऊन सोलापूरहून नागपूरच्या दिशेने निघालेल्या एस. टी. बसला यवतमाळ जिल्ह्यात आर्णीजवळ भल्या पहाटे अपघात झाला. चौघे मृत्युमुखी पडले व अनेक मजूर जखमी झाले. वृत्तपत्रांत अशा घटनांची नोंद होते ती मृतांच्या आणि जखमींच्या आकड्यांनी. हे दोन आकडे एकमेकांपासून अगदी निराळे आहेत असे वाचणाऱ्यास वाटते. प्रत्यक्षात त्यांच्यामधली भिंत फार पातळ असते. कोणत्याही मोठ्या अपघातात सकाळी जखमींत मोजलेला एखादा माणूस सायंकाळी मृतांच्या आकड्यात जातो, तो दर वेळी जखम असाध्य होती म्हणूनच जातो असे नाही. त्याची पाळी उशिरा आली, एवढेही कारण कधी कधी पुरेसे असते.

ही पाळी कोण ठरवितो आणि कशाच्या आधारे ठरवितो, हा प्रश्न वैद्यकाचा आहे तितकाच सार्वजनिक व्यवस्थेचा आहे. भारतात २०२२ साली रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मरण पावली. त्यांपैकी १५,२२४ महाराष्ट्रातील होती. एवढ्या मोठ्या प्रमाणावर जेथे माणसे जखमी होतात, तेथे कोणाला आधी उचलावयाचे याचा विचार प्रसंगावधानावर सोडून भागत नाही. या विचारास वैद्यकात 'ट्रायेज' असे नाव आहे. मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थ निवडणे, वेगळे करणे. नेपोलियनच्या सैन्यातील शस्त्रवैद्य डॉमिनिक लॅरे यांनी जखमींचा क्रम त्यांच्या हुद्द्यावरून नव्हे, तर जखमेच्या गांभीर्यावरून लावण्याचा प्रघात पाडला आणि तेथून या शास्त्राची सुरुवात झाली. दुर्मिळ आणि अनेक प्रकारे वापरता येण्याजोग्या साधनांचे वाटप हा अर्थशास्त्राचा विषय होय, असे लायोनेल रॉबिन्स यांनी १९३२ साली म्हटले. एक रुग्णवाहिका, एक शस्त्रक्रियागृह, रक्ताच्या दोन पिशव्या आणि नऊ जखमी, ही त्याच विषयाची सर्वांत निष्ठुर आवृत्ती आहे.

या निवडीच्या कामी एक नवे साधन गेली दोन दशके चर्चेत आहे. हृदयाच्या दोन ठोक्यांमधील अंतर किती कमीजास्त होते हे मोजून कोणता जखमी आतून खचत चालला आहे हे ओळखता येईल काय, असा प्रश्न अमेरिकेतील लष्करी व मुलकी संशोधकांनी हाती घेतला. मनगटी घड्याळेही हा आकडा दाखवू लागल्यापासून सामान्य माणसासही त्याचे कुतूहल वाटू लागले आहे. उद्या एखादी कंपनी असे यंत्र घेऊन जिल्हा परिषदेच्या किंवा रुग्णालयाच्या दारात उभी राहिली, तर त्यावर पैसा खर्च करावा किंवा नाही? यवतमाळसारख्या जिल्ह्याच्या दृष्टीने या प्रश्नाचा विचार आधीच झालेला बरा.

झाकली मूठ

प्रौढ माणसाच्या शरीरात साधारण पाच लिटर रक्त असते. त्यातील पंधरा टक्क्यांपर्यंत रक्त वाहून गेले तरी बाहेरून फारसे काही कळत नाही. पंधरा ते तीस टक्क्यांच्या दरम्यान नाडी जलद होते, माणूस अस्वस्थ दिसतो. पण वरचा रक्तदाब पुष्कळदा जेथल्या तेथे राहतो. तीस टक्के, म्हणजे जवळजवळ दीड लिटर रक्त गेल्यावर मात्र रक्तदाब कोसळू लागतो. तोवर शरीर रक्तवाहिन्या आवळून आणि हृदय जोराने चालवून तूट भरून काढीत असते. खेड्यातील एखादे घर सावकाराचे देणे वाढत असताना बाहेर त्याचा मागमूस लागू देत नाही, चुलीचा धूर वेळेवर निघतो, पाहुण्यास चहा मिळतो, आणि मग एका दिवशी घरावर जप्ती आल्याचे शेजाऱ्यास कळते. रक्तस्राव होत असलेल्या शरीराची रीत याहून निराळी नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची हे सूत्र शरीरही पाळते. फरक इतकाच, की ही मूठ उघडते तेव्हा उपचारास वेळ उरलेला नसतो. तरुण व काटक माणसात ही तूट भरण्याची शक्ती अधिक, म्हणून त्याचे कोसळणेही अधिक अवचित असते.

अपघातस्थळी याचा परिणाम उलटा होतो. ज्याचा पाय मोडला आहे तो आक्रोश करतो. ज्याच्या कपाळावरून रक्त ओघळते आहे त्याच्याकडे लोक धावतात. ज्याची प्लीहा फुटली आहे आणि पोटात रक्त साठते आहे, तो कदाचित रस्त्याच्या कडेला बसून पाणी मागत असतो. 'याला काही लागले नाही' असे समजून त्याला शेवटच्या गाडीत बसविले जाते. अशा चुकीस ट्रायेजच्या परिभाषेत अल्पनिवड म्हणता येईल. ज्यास गरज नाही त्यास गंभीर समजणे ही अधिनिवड. अमेरिकेतील शस्त्रवैद्यांच्या महाविद्यालयाने, म्हणजे तेथील अधिकृत व्यावसायिक संस्थेने, अल्पनिवड पाच टक्क्यांच्या आत ठेवावी आणि त्यासाठी पंचवीस ते पस्तीस टक्क्यांपर्यंत अधिनिवड सोसावी असा दंडक घातला. एक गंभीर जखमी हातून सुटू नये म्हणून अनेक किरकोळ जखमींना मोठ्या रुग्णालयात नेण्याची तयारी ठेवणे, असा याचा अर्थ. ही तयारी ठेवण्यास गाड्या आणि खाटा भरपूर असाव्या लागतात, हे येथेच ध्यानात घेतलेले बरे.

दोन ठोक्यांमधले अंतर

मिनिटाला साठ ठोके पडतात याचा अर्थ दर सेकंदाला बरोबर एक ठोका पडतो असा नव्हे. एक अंतर ९४० सहस्रांश सेकंदाचे, पुढचे १०३० चे, त्यापुढचे ९८० चे, असे ते सतत हलते. श्वास आत घेताना ठोके किंचित जवळ येतात, सोडताना लांब जातात. हृदयावर दोन प्रकारच्या मज्जातंतूंची सत्ता चालते; एक प्रकार त्यास हाकीत असतो, दुसरा लगाम खेचीत असतो. निरोगी आणि स्वस्थ माणसात या दोहोंची ओढाताण चालू असल्यामुळे अंतरे बदलती राहतात. शरीरावर मोठे संकट आले की लगाम सुटतो, हाकणाऱ्याचेच राज्य होते, आणि ठोके जलद तर होतातच, पण यंत्रासारखे एकसुरी होऊ लागतात. या बदलत्या अंतरांचे मोजमाप म्हणजे 'हार्ट रेट व्हेरिएबिलिटी'. मराठीत त्यास हृदयगतीचे विचलन म्हणावे. संख्याशास्त्र शिकणारा विद्यार्थी ज्यास प्रमाण विचलन म्हणतो, तेच येथे ठोक्यांच्या अंतरांना लावलेले असते.

नाडीच्या केवळ संख्येकडे न पाहता तिच्या चालीकडे पाहावे, ही कल्पना या देशास नवी नाही. शार्ङ्गधरसंहितेत नाडीची चाल सर्प, बेडूक, हंस अशा प्राण्यांच्या गतीच्या उपमांनी वर्णिली आहे. परंतु तेवढ्यावरून हे सारे आपल्याकडे आधीच होते असा दावा करणे शहाणपणाचे नव्हे. आधुनिक मोजमापाची परंपरा वेगळी आहे. गर्भातील मूल संकटात सापडते तेव्हा त्याच्या हृदयगतीत ठळक फरक पडण्याआधी ठोक्यांमधील अंतरांचा चढउतार बदलतो, हे १९६० च्या दशकात अमेरिकेतील प्रसूतितज्ज्ञांनी दाखविले. हृदयविकाराच्या झटक्यानंतर ज्यांचे विचलन कमी असते त्यांच्यात मृत्यूचे प्रमाण अधिक आढळते, हे १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने पुढे आणले. मोजमापाचे प्रमाणित नियम १९९६ साली युरोपीय व अमेरिकी हृदयतज्ज्ञांच्या संयुक्त समितीने घालून दिले.

रणभूमीवरचा प्रश्न

जखमींच्या निवडीसाठी या मापाचा विचार झाला तो मुख्यतः लष्करी गरजेतून. गोळीबार चालू असताना पडलेल्या सैनिकापर्यंत पोहोचणे म्हणजे दुसऱ्या माणसाचा जीव धोक्यात घालणे. त्याच्या छातीवरील पट्टीने दुरूनच सांगितले, की हा जिवंत आहे आणि खचत चालला आहे, तर सैन्यातील वैद्यकास निर्णय सोपा होईल. टेक्सासमधील अमेरिकी लष्कराच्या शल्य संशोधन संस्थेत या दिशेने पुष्कळ काम झाले. हेलिकॉप्टरने आणलेल्या जखमींच्या हृदयालेखांचा अभ्यास करून, वाचलेल्यांच्या आणि मरण पावलेल्यांच्या नोंदींत फरक आहे, असे तेथील संशोधकांनी २००६ साली मांडले. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासात, हेलिकॉप्टरमध्येच मोजलेले विचलन कोणत्या जखमीस तातडीच्या उपचाराची गरज लागेल हे सुचविते, असा उत्साहवर्धक निष्कर्ष निघाला.

येथपर्यंतची हकीकत वाचून यंत्र विकत घ्यावे असे कोणासही वाटेल. पण पुढची हकीकत तितकीच महत्त्वाची आहे, आणि ती सांगितली ती याच संशोधकवर्गाने, हे त्यांच्या सचोटीस भूषणावह आहे. २०१० साली त्यांनी एक नेमका प्रश्न विचारला: ज्या जखमीची नाडी आणि रक्तदाब वरवर ठीक आहेत, त्या एकेका माणसाबाबत हे माप काही सांगते काय? उत्तर निराशाजनक आले. गटागटांच्या सरासरीत फरक दिसत होता. परंतु व्यक्तीव्यक्तींचे आकडे एकमेकांत इतके मिसळलेले होते की त्यांवरून एका माणसाचा निर्णय करता येत नव्हता. प्रयोगशाळेतही तोच अनुभव आला. निरोगी स्वयंसेवकांच्या कमरेखालचा भाग बंद पेटीत ठेवून हवेच्या ओढीने रक्त पायांकडे खेचावयाचे आणि रक्तस्रावाची नक्कल करावयाची, असा तो प्रयोग. सर्वांची मिळून सरासरी काढली तर विचलन व्यवस्थित पायरीपायरीने उतरताना दिसे. एकेकाची रेषा वेगळी काढली तर ती वाटेल तशी वरखाली जाई.

सरासरी आणि माणूस

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यास यात आश्चर्य वाटण्याचे कारण नाही. जिल्ह्याचे दरडोई उत्पन्न सांगितले म्हणून झरी-जामणीतील एखाद्या कोलाम कुटुंबाच्या कणगीत किती ज्वारी आहे हे कळत नाही. सरासरी धोरणासाठी उपयोगी पडते. दारात उभ्या राहिलेल्या माणसाविषयी ती मुकी असते. ट्रायेजमध्ये निर्णय नेहमी दारातल्या माणसाविषयी घ्यावा लागतो.

एक काल्पनिक उदाहरण घेतले म्हणजे हे अधिक स्पष्ट होईल. शंभर जखमी आहेत व त्यांपैकी दहा जणांना आतून रक्तस्राव होतो आहे असे समजा. यंत्र बऱ्यापैकी चांगले आहे. दहापैकी आठ ते अचूक पकडते, आणि उरलेल्या नव्वदांपैकी पाचांतील एकाबाबतच चुकीची घंटा वाजविते. म्हणजे घंटा वाजेल ती आठ अधिक अठरा, एकूण सव्वीस वेळा. या सव्वीसांत खरे गंभीर आठच. पण खरा धोका याहून वेगळ्या जागी आहे. ज्या चौऱ्याहत्तरांबाबत घंटा वाजली नाही, त्यांत दोन माणसे मरणाच्या वाटेवर आहेत, आणि यंत्राने अभय दिल्यामुळे आता त्यांच्याकडे कोणी वळूनही पाहणार नाही. यंत्राची किंमत रुपयांत मोजली जाते. त्याने निर्माण केलेल्या निष्काळजीपणाची किंमत अंदाजपत्रकात कोठेच दिसत नाही.

शिवाय हे माप नाजूक आहे. वय, वेदना, भीती, मद्य, मधुमेह, रक्तदाबाच्या काही गोळ्या, यांतील प्रत्येक गोष्ट ते बदलते. मार्ग खडबडीत असला आणि गाडी हादरत असली तर हृदयालेख बिघडतो, आणि एखाददुसरा अवेळी पडलेला ठोका सारा हिशेब चुकवितो. यवतमाळ जिल्ह्यात यात आणखी स्थानिक गुंतागुंतीची भर पडते. विदर्भातील अनेक समाजांत सिकलसेलचा आजार आहे; स्त्रियांत रक्तक्षय सर्रास आढळतो. ज्याच्या अंगात मुळात रक्त कमी, त्याचे हृदय अपघाताच्या आधीपासूनच जलद चालत असते. कपाशीवर फवारणीचा हंगाम आला की निराळीच अडचण उभी राहते. सेंद्रिय फॉस्फरसयुक्त कीटकनाशके ज्या मज्जातंतूंवर घाला घालतात, त्यांतच हृदयाचा लगाम खेचणारा तंतू येतो. त्या विषबाधेवर देण्यात येणारे ॲट्रोपिनही त्याच जागी काम करते. २०१७ च्या हंगामात या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले आणि शेकडो जणांना रुग्णालयात दाखल व्हावे लागले. टेक्सासच्या आकाशात उडणाऱ्या हेलिकॉप्टरमध्ये बसविलेले माप अशा शरीरांना जसेच्या तसे लागू पडेल, असे गृहीत धरण्यास कोणताही आधार नाही.

माहितीचे मोल

समजा, या सर्व अडचणी दूर झाल्या आणि अगदी निर्दोष यंत्र मिळाले. तरीही एक प्रश्न उरतो. माहितीस मोल येते ते तिच्यामुळे निर्णय बदलत असेल तरच. हवामानखात्याने पावसाचा अचूक अंदाज दिला, पण शेतकऱ्याकडे बी घेण्यास पैसाच नाही, तर त्या अंदाजाचा त्याला उपयोग काय? तसेच, जखमी खचतो आहे हे विसाव्या मिनिटाला कळले आणि शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर व रक्ताची पिशवी दोन तासांच्या अंतरावर असली, तर कळून काय साधले?

यवतमाळ जिल्ह्याचे क्षेत्रफळ साडेतेरा हजार चौरस किलोमीटर, तालुके सोळा, २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या सत्तावीस लाखांहून अधिक. जिल्ह्याच्या ठिकाणी १९८९ पासून वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि गंभीर रुग्णाची वाट शेवटी बहुधा तेथेच जाते. परंतु एका टोकाचे वणी आणि दुसऱ्या टोकाचे उमरखेड ही दोन्ही गावे यवतमाळपासून रस्त्याने शंभर किलोमीटरांहून अधिक दूर आहेत. नागपूर यवतमाळपासून सुमारे दीडशे किलोमीटर. पांढरकवड्यावरून नागपूर-हैदराबाद महामार्ग जातो, यवतमाळ, आर्णी व महागावच्या बाजूने नागपूर-तुळजापूर मार्ग जातो, वणीच्या खाणींतून कोळशाने भरलेल्या मालमोटारी अहोरात्र धावतात. रस्ते रुंद झाले, वाहनांचा वेग वाढला. त्या वेगाला साजेसे रुग्णालयांचे जाळे मात्र विणले गेले नाही. राज्यात २०१४ साली १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा ९३७ गाड्यांनिशी सुरू झाली. त्यांतील २३३ गाड्या प्रगत उपकरणांच्या आणि ७०४ मूलभूत सोयींच्या होत्या. ही सेवा म्हणजे मोठेच पाऊल होते यात शंका नाही. परंतु गाडी माणसाला उचलते. ती अंतर कमी करीत नाही.

मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने 'सुवर्ण तास' ही संज्ञा आली आणि इजा झाल्यापासूनचा एक तास अशी तिची व्याख्या झाली. २०२५ च्या मे महिन्यात केंद्र सरकारने अपघातग्रस्तांसाठी सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांच्या मर्यादेत रोकडविरहित उपचारांची योजना जारी केली. जखमीस मदत करणाऱ्यास त्रास होऊ नये म्हणून सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली दिलेला निकालही महत्त्वाचा होता. कायदा, पैसा आणि लोकांची भीती, या तीन आघाड्यांवर पावले पडली आहेत. चौथी आघाडी भूगोलाची आहे, आणि तेथे कायद्याचा तास घड्याळाच्या तासाशी जुळत नाही.

येथे निवडीचा प्रश्न वेगळेच रूप धारण करतो. 'कोणाला आधी' यापेक्षा 'कोणाला कोठे' हा प्रश्न अधिक निकडीचा होतो. उमरखेडहून नांदेड जवळ, वणीहून चंद्रपूर जवळ, पांढरकवड्याहून राज्याची सीमा ओलांडून आदिलाबाद जवळ, कळंबच्या बाजूने सेवाग्राम फार दूर नाही. रुग्णास आपल्याच जिल्ह्याच्या रुग्णालयात पाठविण्याची कागदोपत्री सवय सोडून जवळच्या सक्षम रुग्णालयात पाठवावयाचे, आणि गाडी निघण्यापूर्वी तेथे दूरध्वनी करावयाचा, एवढ्याने जी मिनिटे वाचतील ती कोणतेही यंत्र वाचवू शकणार नाही.

नेब्रास्काचा धडा

१९७६ च्या फेब्रुवारीत जेम्स स्टायनर या अस्थिशल्यतज्ज्ञाचे छोटे विमान अमेरिकेतील नेब्रास्का राज्यात एका शेतात कोसळले. पत्नी जागीच गेली; जखमी मुलांना घेऊन ते जवळच्या ग्रामीण रुग्णालयात पोहोचले, आणि तेथील उपचारांची तऱ्हा पाहून अस्वस्थ झाले. त्यातून दोन वर्षांत एक प्रशिक्षणक्रम तयार झाला. जखमी आला की प्रथम श्वासमार्ग, मग श्वसन, मग रक्ताभिसरण, असा बांधून दिलेला क्रम आज जगभर शिकविला जातो. या सुधारणेत नवे यंत्र एकही नव्हते. लहान गावातील एकट्या डॉक्टरला घाबरून न जाता काय आधी करावे हे ठाऊक असावे, एवढाच तिचा आशय होता. आणि तीच ग्रामीण भागातील अपघात-उपचारांतील गेल्या अर्धशतकातील सर्वांत मोठी सुधारणा ठरली.

यवतमाळसारख्या जिल्ह्यास याच जातीची स्वस्त साधने आज उपलब्ध आहेत. नाडीच्या आकड्यास वरच्या रक्तदाबाने भागले की जो आकडा येतो, त्याला 'शॉक इंडेक्स' म्हणतात. १९६७ साली तो युरोपातील शस्त्रवैद्यांनी मांडला. निरोगी प्रौढात तो साधारण ०.५ ते ०.७ असतो, ०.९ च्या वर गेला तर सावध व्हावे. नाडी ११० आणि रक्तदाब १००, तर उत्तर १.१. दोन्ही आकडे वेगवेगळे पाहिले तर घाबरण्यासारखे वाटत नाहीत. भागाकार केला की मूठ उघडते. हा आकडाही अचूक नाही, रक्तक्षयाच्या किंवा औषधे घेणाऱ्या रुग्णात तोही फसवितो. परंतु त्यास पट्टा, कागद आणि पेन्सिल यांपलीकडे काही लागत नाही, आणि तो दर दहा मिनिटांनी पुन्हा काढता येतो. एकदाच घेतलेल्या मापापेक्षा, वेळ लिहून घेतलेली दोन मापे अधिक बोलकी असतात. त्या दोन ओळींचा कागद रुग्णाबरोबर पुढच्या रुग्णालयात गेला पाहिजे, एवढी शिस्त लागली तरी पुष्कळ झाले.

रक्तस्राव थोपविणाऱ्या ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड या स्वस्त औषधाची कसोटी चाळीस देशांतील वीस हजारांहून अधिक जखमींवर घेण्यात आली. भारतातील रुग्णालयेही तीत सहभागी होती. २०१० साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. औषध न दिलेल्या गटातील मृत्यूंचे प्रमाण १६ टक्के होते, दिलेल्या गटात ते १४.५ टक्क्यांवर आले. मात्र ते तीन तासांच्या आत दिले गेले पाहिजे, उशिरा दिल्यास अपायही संभवतो. म्हणजे ते जिल्ह्याच्या ठिकाणी असून भागत नाही. तालुक्याच्या रुग्णालयात आणि तेथल्या परिचारिकेच्या हाताशी असले पाहिजे. तेथेच रक्त साठविण्याची चालू स्थितीतील सोय, रात्रीही वीज व माणूस यांसह, हवी. ही मागणी दिपवून टाकणारी नाही. तिचे उद्घाटन करता येत नाही, तिच्यावर फीत कापता येत नाही. कदाचित म्हणूनच ती मागे पडत असावी.

मग नव्या शास्त्राचे काय?

गरीब जिल्ह्याने नव्या शास्त्राकडे पाठ फिरवावी, असा याचा अर्थ कोणी काढू नये. ते दैन्याचे तत्त्वज्ञान होईल. हृदयगतीच्या विचलनाचे माप एकट्याने निर्णय देऊ शकत नाही, एवढेच आजवर सिद्ध झाले आहे. वय, रक्तदाब, श्वासाची गती यांच्या जोडीस ते घेतले तर उपयोग वाढतो काय, याचा शोध सिंगापूरमधील आकस्मिक विभागांत छातीत दुखणाऱ्या व अत्यवस्थ रुग्णांबाबत घेण्यात आला आहे. नाडीच्या लाटेचा संपूर्ण आकार तपासून शरीराची तूट भरण्याची शक्ती किती शिल्लक आहे हे ठरविण्याचा प्रयत्न अमेरिकी लष्करी संशोधकांनीच पुढे चालविला. एका परिचारिकेकडे अनेक खाटा असतात अशा वॉर्डात, मध्यरात्री कोणत्या खाटेकडे आधी पाहावे एवढी सूचना जरी असे माप देऊ शकले, तरी ते लाभाचेच ठरेल.

पण त्यासाठी ते येथल्या माणसांवर तपासले गेले पाहिजे. यवतमाळच्या वैद्यकीय महाविद्यालयात हृदयालेख निघतात, विद्यार्थी आहेत, अध्यापक आहेत, आणि दुर्दैवाने जखमींचीही वाण नाही. दाखल होणाऱ्या जखमींचे हृदयालेख जतन करावेत, त्यांचे पुढे काय झाले ते नोंदवावे, फवारणीच्या महिन्यांतील आणि इतर महिन्यांतील नोंदी वेगळ्या ठेवाव्यात, सिकलसेल असलेल्यांचे आकडे निराळे पाहावेत. दोन-तीन वर्षांच्या अशा चिकाटीच्या नोंदींतून जे निघेल ते यंत्र विकणाऱ्याच्या माहितीपत्रकापेक्षा अधिक विश्वासार्ह असेल. २०१७ साली विषबाधेचे रुग्ण आठवड्यामागून आठवडे येत होते, आणि त्यांची एकत्रित दखल घेतली जाईपर्यंत ऑक्टोबर उजाडला. वेळेवर मोजले न गेलेले दुःख वेळेवर दिसतही नाही, हा धडा या जिल्ह्याने फार मोठी किंमत देऊन घेतला आहे.

तेव्हा खर्चाचा क्रमही जखमींच्या क्रमाप्रमाणेच लावला पाहिजे. ज्याचा आवाज मोठा त्याला आधी, हा नियम रस्त्यावर जितका घातक तितकाच अंदाजपत्रकात घातक आहे. चकचकीत पडद्यावर आकडे नाचविणारे यंत्र लक्ष वेधून घेते. तालुक्याच्या रुग्णालयातील रक्ताची रिकामी शीतपेटी गप्प असते. रस्त्याच्या कडेला पाणी मागत बसलेला जखमीही तसाच गप्प असतो. त्याच्या मनगटावर कोणी तरी दोनदा हात ठेवावा, दोन्ही वेळचे आकडे लिहून ठेवावेत, आणि ते आकडे वाचून काही करू शकणारे रुग्णालय त्याच्या आवाक्यात असावे, एवढी व्यवस्था आधी झाली पाहिजे.